बोगद्यातला वेग एका कॅमेऱ्यापुढे नव्हे, दोन तोंडांमध्ये मोजावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मलबार हिलच्या पोटातून जाणारा मुंबई किनारी रस्त्याचा जुळा बोगदा 2024 च्या मार्च आणि जून महिन्यांत टप्प्याटप्प्याने खुला झाला. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी घाटाला पर्याय म्हणून बोगदा झाला. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हा जवळपास आठ किलोमीटर लांबीचा, त्या वेळी राज्यातला सर्वांत लांब ठरलेला रस्त्याचा बोगदा वाहतुकीला मिळाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या घाटाला पर्यायी असलेल्या खोपोली-कुसगाव ‘मिसिंग लिंक’वरचा सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा आणि ठाणे-बोरिवली जुळा बोगदा ही त्याच मालिकेतली पुढची नावे आहेत. एके काळी बोगदा म्हटला की आपल्याकडच्या बहुतेक चालकांना द्रुतगती मार्गावरचे भाताण, माडप आणि कामशेतच आठवत असत. आता बोगद्यातून गाडी चालवणे हा हजारो लोकांच्या रोजच्या प्रवासाचा भाग झाला आहे. मात्र बोगद्याच्या बांधणीवर, खर्चावर आणि वाचणाऱ्या वेळेवर जेवढी चर्चा होते, तिच्या अंशानेही चर्चा आतल्या वेगावर आणि चालकांच्या वागण्यावर होत नाही. म्हणून एक नेमकी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बोगद्यात वेग एखाद्या कॅमेऱ्यासमोर क्षणभर मोजला जाऊ नये. एका तोंडातून आत शिरल्यापासून दुसऱ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत लागलेल्या वेळेवरून तो मोजावा आणि चलान त्या सरासरी वेगावर निघावे.

किनारी रस्त्याच्या बोगद्यात वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर आहे. माझे या बोगद्यातून नेहमी जाणे-येणे असते आणि रहदारी थोडी विरळ असली की तेथे जे दिसते ते प्रत्येक वेळी सारखेच असते. डाव्या लेनमधून 60 ने जाणाऱ्या गाडीला उजवीकडून दोन-तीन गाड्या झपाट्याने मागे टाकतात. चौथी तिच्या मागे येऊन चिकटते आणि अप्पर-डिपर मारू लागते. पुढे छताला कॅमेऱ्याची चौकट दिसली की त्याच वेगवान गाड्यांचे ब्रेकचे लाल दिवे एकापाठोपाठ लागतात, कॅमेरा मागे पडला की दिवे विझतात आणि गाड्या पुन्हा सुसाट निघतात. म्हणजे त्या कॅमेऱ्याने बोगद्यातला वेग कमी केलेला नसतो, तर जेथे काहीही अडथळा नाही अशा ठिकाणी अचानक ब्रेक लावण्याचे एक कारण निर्माण केलेले असते. चिकटून चालणाऱ्या मागच्या गाडीला तो ब्रेक अनपेक्षित असतो. एका बिंदूवरची मोजणी उघड्या रस्त्यावरही अपुरी ठरते, पण बोगद्यात ती उलट नवा धोका तयार करते, हे माझे ठाम मत आहे.

‘रस्ता इतका चांगला आहे, वळण नाही, माणूस आडवा येत नाही, मग 60 ची सक्ती कशाला?’ हा प्रश्न अनेक सुजाण माणसेही विचारतात आणि त्याला उत्तर दिले गेले पाहिजे, कारण पटलेली मर्यादाच पाळली जाते. बोगद्यातील वेगमर्यादा केवळ वळणासाठी नसते. पुढे एखादी गाडी बंद पडून उभी असेल, तर ती दिसल्यापासून आपल्याला थांबायला किती जागा लागेल, यासाठी ती असते. साधा हिशेब करून पाहू. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक जितके पकडतात तितके पकडले, तर ताशी 60 ने चाललेली मोटार सुमारे 45 मीटरमध्ये थांबते. ताशी 80 ने चाललेल्या त्याच मोटारीला सुमारे 69 मीटर लागतात आणि 100 ने चाललेलीला सुमारे 97. यातली पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या ठिकाणी 60 ची मोटार पूर्ण थांबलेली असते, त्याच ठिकाणी 80 ची मोटार अजून ताशी सुमारे 65 च्या वेगात असते, कारण तिचे पहिले 33 मीटर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असतात. वीसचा फरक वाटतो तेवढा छोटा नाही. एक चालक थांबतो आणि दुसरा समोरच्या गाडीवर पूर्ण जोराने आदळतो, एवढा तो मोठा आहे. उघड्या रस्त्यावर अशा वेळी गाडी कडेला काढायला थोडी तरी मोकळी जागा असते. बोगद्यात बाजूला भिंत असते.

आणि हे सारे किती वेळासाठी? किनारी रस्त्याचा बोगदा 2.07 किलोमीटर लांबीचा आहे. ताशी 60 ने तो पार करायला दोन मिनिटे चार सेकंद लागतात आणि ताशी 80 ने एक मिनिट तेहतीस सेकंद. वाचतात एकतीस सेकंद, आणि तेही बाहेर पडल्यावर पुढच्या रांगेत उभे राहण्यात जातात.

न्यायाने सांगायचे तर बोगदा ही मुळात रस्त्यावरची सर्वांत धोकादायक जागा नव्हे. आत चौक नसतो, पादचारी नसतात, पाऊस नसतो. म्हणून दर किलोमीटरमागे होणारे अपघात उघड्या रस्त्यापेक्षा बोगद्याच्या आत साधारणपणे कमीच असतात, हे रस्त्यांच्या बोगद्यांचा दांडगा अनुभव असलेल्या नॉर्वेमधल्या अभ्यासांतूनही दिसून आले आहे. त्याच अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. अपघात एकवटतात ते बोगद्याच्या तोंडाशी, जेथे लख्ख उजेडातून आलेले डोळे अंधाराला सरावलेले नसतात आणि कोणी एकदम वेग कमी करतो, तर कोणी करत नाही. तोंडाचा हा पट्टा ओलांडला की मन निर्धास्त होते. दोन्ही बाजूंची एकसारखी भिंत आणि एकसारखे दिवे यांमुळे आपण किती वेगात आहोत याची जाणीवही बोथट होते, आणि काटा न पाहणारा चालक नकळत वेग वाढवत जातो. म्हणून वेग वाढवणारा प्रत्येक जण बेदरकार असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळांना तो वाढल्याचे कळतच नाही, आणि अशांसाठी तर पूर्ण लांबीवर मोजला जाणारा वेग हीच योग्य आठवण आहे.

आत अपघात कमी होत असले, तरी झाला तर त्याचे परिणाम वेगळेच असतात. 24 मार्च 1999 रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या 11.6 किलोमीटरच्या माँ ब्लाँ बोगद्यात मैदा आणि मार्गारिन घेऊन जाणाऱ्या एका ट्रकला आग लागली आणि 39 माणसे मेली. त्यांतली बरीचशी आपापल्या गाडीत बसूनच धुराने गुदमरली. दोनच महिन्यांनी ऑस्ट्रियातल्या टाउर्न बोगद्यात दुरुस्तीच्या कामामुळे थांबलेल्या रांगेवर मागून ट्रक आदळला, आग लागली आणि 12 जण गेले. ऑक्टोबर 2001 मध्ये स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड बोगद्यात दोन ट्रकची टक्कर होऊन 11 जणांचा बळी गेला. आपले नवे बोगदे जुळे आणि एकदिशा आहेत, त्यामुळे गोटहार्डसारख्या समोरासमोरच्या टकरीची भीती बरीच कमी आहे. किनारी रस्त्यावर तर अवजड वाहनांना बंदीच आहे. परंतु थांबलेल्या रांगेवर मागून येऊन आदळणे, जे टाउर्नमध्ये घडले, ते जुळ्या बोगद्यातही घडू शकते, आणि समृद्धी महामार्गावर किंवा कशेडीत ट्रक आहेतच. माँ ब्लाँ बोगदा 2002 मध्ये पुन्हा उघडला, तेव्हा तेथे केवळ वायुवीजन आणि आश्रयाच्या खोल्या सुधारून ते थांबले नाहीत. कमाल वेग ताशी 70, किमान वेग ताशी 50, दोन वाहनांत 150 मीटर अंतर आणि थांबावे लागले तरी 100 मीटर अंतर, असे नियम त्यांनी केले. ते अंतर चालकाला डोळ्यांनी मोजता यावे म्हणून भिंतीवर ठरावीक अंतराने निळे दिवेही लावले. यंत्रणेइतकाच भर चालकाच्या वागण्यावर दिला गेला.

आता मूळ मागणीकडे येतो. दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचून मधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग काढण्याची पद्धत नवी नाही. व्हिएन्ना शहरातल्या काइझरम्यूलन बोगद्यात ती 2003 पासून वापरात आहे. तो बोगदा लांबीने आपल्या किनारी रस्त्याच्या बोगद्याच्या जवळपासचा आणि शहरातल्या दाट रहदारीचा आहे. तेथे मोटारींना ताशी 80 आणि ट्रकना 60 ची मर्यादा आहे. ही मोजणी सुरू झाल्यानंतर पहिल्या दोन वर्षांत सरासरी वेग उतरला आणि जखमी करणारे अपघात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. महामार्गावर ही पद्धत बसवायची तर मध्ये फाटे, पेट्रोल पंप, ढाबे येतात. चालक मध्येच थांबून सरासरी खाली आणू शकतो. बोगद्याला मात्र आत शिरायला एक वाट आणि बाहेर पडायला एक वाट. मध्ये थांबायला परवानगीच नाही. सरासरी वेगाची मोजणी जिथे सर्वांत सोपी आणि सर्वांत अचूक होईल, अशी जागा बोगद्याहून दुसरी नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून जी आयटीएमएस ही कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा चालू आहे, तिच्यात दोन ठिकाणांमधील सरासरी वेग पकडण्याची सोय आहे, म्हणजे हे तंत्र आपल्या राज्यात आलेलेही आहे. किनारी रस्त्याच्या बोगद्यात थांबलेले वाहन किंवा उलट दिशेने आलेले वाहन आपोआप ओळखणारे कॅमेरेही आहेत. मग त्या दोन मिनिटांच्या प्रवासाची आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ जुळवणे हे अवघड काम नाही.

ही पद्धत चालकाला अधिक न्याय देणारी आहे, हेही सांगितले पाहिजे. बंद पडू पाहणाऱ्या गाडीला ओलांडताना क्षणभर कोणाचा काटा 66 वर गेला, तर एका बिंदूवरचा कॅमेरा त्याला नेमका तेथेच पकडू शकतो. सरासरी मोजणीत तो निर्दोष सुटतो. सापडतो तो संपूर्ण बोगदाभर मर्यादा मोडणारा. दंडाने तिजोरी भरण्याचा आरोप ज्यांना खरा वाटतो, त्यांनी तर या मागणीला सर्वांत आधी पाठिंबा द्यायला हवा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सरासरी मोजायची तर प्रत्येक गाडीचा नंबर टिपावा लागतो, गुन्हा न करणाऱ्याचाही. ऑस्ट्रियात हा प्रश्न घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला होता आणि जर्मनीत हानोव्हरजवळची अशीच यंत्रणा 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने काही काळ बंद ठेवावी लागली होती, कारण नंबर टिपायला पुरेसा कायदेशीर आधार नव्हता. आपल्याकडेही नियमातच हे लिहिलेले असावे की ज्याचा वेग मर्यादेत होता त्याची नोंद तो बाहेर पडताच पुसली जाईल आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरली जाणार नाही. हे आधी केले तर पुढे कोर्टकचेऱ्यांत वर्षे जाणार नाहीत.

दंड केव्हा पोहोचतो, यालाही महत्त्व आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 136-अ आले. त्याखाली 2021 मध्ये केंद्रीय नियमांत जो 167-अ हा नियम घालण्यात आला, त्यानुसार यंत्राने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत पाठवायची असते आणि कॅमेरा असल्याची पाटी चालकाला आधीच ठळक दिसली पाहिजे. प्रत्यक्षात अनेकांना आपली चलाने कळतात ती गाडी विकताना किंवा पोलिसाने अडवल्यावर, एकदम पाच-सहा. सहा महिन्यांपूर्वीच्या एका संध्याकाळी आपण कोणत्या वेगात होतो, हे कोणाला आठवणार? अशा दंडाने चिडचिड होते, वागणे बदलत नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर लगेच एका फलकावर ‘तुमचा सरासरी वेग 74, मर्यादा 60’ असे गाडीच्या नंबरासह झळकले आणि त्याच दिवशी मोबाइलवर संदेश आला, तर त्या चालकाला पुढच्या फेरीला कोणी काही सांगावे लागणार नाही.

वेगाशिवायच्या सवयींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण वेग आवरला तरी त्या उरतीलच. बोगद्यात शिरताच चारही इंडिकेटर लावून चालण्याची एक पद्धत आपल्याकडे पडली आहे. चालकाला वाटते आपण जास्त दिसतो, पण त्याने लेन बदलली तर मागच्याला काही कळत नाही, आणि खरोखर बंद पडलेली गाडीही चालत असल्यासारखी भासते. आत लागतात ते डिपरवरचे हेडलाइट. चार इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी. बोगद्यात हॉर्न वाजवत जाणे, खिडकीतून किंवा सनरूफमधून मोबाइल बाहेर काढून व्हिडिओ करणे, त्यासाठी वेग कमी करणे हेही रोज दिसते. हिमाचलातला अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झाला, तेव्हा पहिल्या तीन दिवसांतच तेथे तीन अपघात झाले होते, आणि शर्यती लावणारे व सेल्फीसाठी थांबणारे पर्यटक हेच त्याचे कारण सांगितले गेले होते. मोबाइलवरच्या नकाशावर विसंबणाऱ्यांचीही एक अडचण आहे. आत उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही, बाण जागीच गोठतो, आणि बाहेर पडताच डावे की उजवे हे न कळून काही जण लेनच्या मधोमध घुटमळतात. किनारी रस्त्यावर पुढचा फाटा कोणता, याची मोठी पाटी बोगदा संपण्यापूर्वीच असली पाहिजे.

फार हळू चालणाऱ्याचाही विचार व्हावा. 60 च्या मर्यादेत कोणी 30 ने चालले, तर मागच्यांना लेन बदलावी लागते आणि तेथेच कट मारणे सुरू होते. माँ ब्लाँप्रमाणे आपल्याकडेही मोकळ्या रहदारीत किमान वेग सांगणारी पाटी लावणे योग्य ठरेल.

धूर किंवा आग दिसली तर काय करायचे, हे आपल्याकडे किती चालकांना ठाऊक आहे? गाडी जमेल तितकी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, किल्ली गाडीतच ठेवावी, सामानाचा मोह सोडून दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटेकडे चालत जावे आणि गाडी वळवून उलट दिशेने काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. माँ ब्लाँमध्ये जे गाडीत बसून राहिले, त्यांना हे कोणी शिकवलेले नव्हते. लायसन्सच्या परीक्षेत या विषयावर दोन-तीन प्रश्न घालायला काहीच खर्च नाही. टोलनाक्यांवर आणि किनारी रस्त्याच्या प्रवेशाशी असलेल्या मोठ्या फलकांवर हीच माहिती मराठीत, हिंदीत आणि चित्रांनी आलटून पालटून दाखवता येईल.

संबंधित यंत्रणांना माझी विनंती आहे की किनारी रस्त्याच्या बोगद्यात प्रथम दोन महिने दंड न करता दोन्ही तोंडांमधील सरासरी वेग मोजावा आणि प्रत्येक चालकाला बाहेर पडल्यावर तो फलकावर दाखवावा. मर्यादेपेक्षा जास्त वेगाने जाणारी वाहने दर शंभरात किती, हे दिवसाच्या वेळेनुसार प्रसिद्ध करावे. त्यानंतर दंड सुरू करावा आणि पुन्हा तेच आकडे प्रसिद्ध करावेत, म्हणजे पद्धतीचा उपयोग झाला की नाही हे नागरिकांना स्वतः ताडून पाहता येईल. कशेडी आणि इगतपुरी येथे ट्रकचा वेग मोटारींपासून वेगळा मोजला जावा. ठाणे-बोरिवली बोगद्याचे काम अजून पूर्ण व्हायचे आहे. तेथे दोन्ही तोंडांशी नंबर टिपणारे कॅमेरे आणि वेग दाखवणारे फलक आराखड्यातच धरावेत, नंतर जोडायचे काम म्हणून ठेवू नयेत.

आपला,
एक नियमित वाचक
दादर, मुंबई